खातं हॅक झाल्याचा संशय आला तर

(अंबड येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस. जन्मभर न्यायदर्शन आणि देकार्त शिकवला. कॉम्प्युटरचं मी काय सांगणार? तर ते म्हणाले, "सर, तुमचंच व्हॉट्सअ‍ॅप हॅक झालं होतं ना? तुमच्याइतका अनुभवी वक्ता आम्हाला दुसरा कुठं मिळणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आलो. आणि सुरुवातही त्याच गोष्टीनं करतो.

दोन वर्षं झाली असतील. सकाळी साडेदहाचा सुमार. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून मेसेज आला की, सर, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाइलवर गेलाय, जरा पाठवता का? पाहिलं तर खरंच एसएमएस आलेला. त्यात सहा आकडे, आणि हा कोड कोणालाही देऊ नका अशी सूचना. मी ती सूचना वाचली. वाचूनही कोड दिला. का दिला? कारण मागणारा माझा तीस वर्षांचा स्नेही होता. निदान नाव तरी त्याचंच दिसत होतं. त्याचं खातं आदल्या दिवशीच चोरीला गेलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मिनिटभरात माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं. मला वाटलं मोबाइल बिघडला. दुपारी दोनला मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं एका नजरेत सांगितलं, "सर, तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर चालू आहे." आणि आता खरं सांगतो, मी त्याला म्हटलं, "बाबा, कुणाला सांगू नकोस." घरी आलो आणि गप्प बसलो. डॉक्टरेट झालेला माणूस सहा आकड्यांना फसला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

रात्री आठला एका माजी विद्यार्थ्याचा फोन. शेती करतो, मोसंबीची बाग आहे त्याची. म्हणाला, "सर, आता तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "मला काय झालंय?" तर म्हणाला, "दुपारी तुमचाच मेसेज होता ना, दवाखान्यात आहे, आठ हजार पाठव म्हणून. बागेचा इसार आला होता, त्यातले पाठवले. अजून लागले तर सांगा."

त्यानं पैसे पाठवले होते पावणेचार वाजता. मला कळलं होतं दोन वाजता. मधले पावणेदोन तास मी माझी लाज सांभाळत बसलो होतो, आणि तिची किंमत त्या पोरानं भरली.

आजचं सगळं बोलणं मी त्या पावणेदोन तासांवर करणार आहे. संशय आल्यापासून आपण तोंड उघडेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात काय करायचं आणि काय करायचं नाही.

चोर नेमकं काय चोरतो?

आमच्या न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो, असा माणूस. मराठीत आपण नातेवाइकांनाही आप्त म्हणतो. आपलं निम्मं आयुष्य या शब्दप्रमाणावर चालतं. माझा जन्म कुठल्या दिवशी झाला हे मला आईनं सांगितलं म्हणून माहीत. त्याला दुसरा पुरावा मी मागितला नाही.

आता विचार करा. त्या विद्यार्थ्यानं पैसे का पाठवले? तो बावळट नव्हता. सरांच्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला. चोरानं माझ्या फोनमधून एक रुपया नेला नाही. माझ्या नावाला असलेली पत नेली आणि ती दुसरीकडे वटवली. खातं म्हणजे आपला शब्द असतो. ईमेल असो, व्हॉट्सअ‍ॅप असो, बँकेचं लॉगिन असो, तिथून जे जातं ते आपल्या तोंडचं मानलं जातं. हॅकिंग म्हणजे आपल्या तोंडून दुसऱ्यानं बोलणं.

हे माणसांच्याच बाबतीत होतं असं नाही, यंत्रांच्याही बाबतीत होतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१८. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की ते मशीन बँकेच्या यंत्रणेला विचारतं, हे कार्ड बरोबर आहे का, पैसे देऊ का? चोरांनी मध्येच आपली एक खोटी यंत्रणा बसवली, आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'हो, द्या' असं उत्तर देत राहिली. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, काही रक्कम भारतातही निघाली. १३ तारखेला आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. ग्राहकांची खाती सुरक्षित असल्याचं बँकेनं तेव्हा सांगितलं. पण युक्ती तीच होती. ज्याच्या शब्दावर समोरचा विश्वास ठेवतो, त्याचा आवाज ताब्यात घ्यायचा.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? अतिवृष्टीच्या अनुदानाचं प्रकरण आपल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतलंच आहे. २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. चौकशीतून पुढे आलेला आकडा २५ कोटींच्या आसपास आहे. अधिकाऱ्यांच्या लॉगिन आणि पासवर्डचा गैरवापर करून बोगस लाभार्थींची नावं चढवली, असा आरोप आहे. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. मला यातली एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. पासवर्ड फोडायला परदेशातला कोणी हुशार मुलगा लागतोच असं नाही. शेजारच्या टेबलावर माहीत असलेला पासवर्डसुद्धा तेवढंच काम करतो. यादी चढते ती ज्याचं लॉगिन आहे त्याच्या नावानं.

खोड की माणूस?

आता मुद्द्याचा प्रश्न. हॅक झालंय हे ओळखायचं कसं?

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यात तिसरा आहे संशय आणि नववा निर्णय. संशयाचं जुनं उदाहरण असं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांब काहीतरी उभं दिसतं. वाळलेलं खोड आहे की माणूस? मत्स्योदरीच्या टेकडीवरून दिवेलागणीला उतरताना हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. उंची दोघांचीही सारखी असते, म्हणून संशय येतो. हा झाला सामान्य धर्म. संशय मिटतो तो विशेष धर्म दिसल्यावर, म्हणजे हात हलला किंवा फांदी दिसली की. तोवर ओरडायचं नाही आणि डोळेही मिटायचे नाहीत. जवळ जाऊन पाहायचं.

कॉम्प्युटर हळू चालतो, मोबाइल तापतो, बॅटरी लवकर उतरते, हे सगळे सामान्य धर्म. व्हायरस असला तरी असं होतं, आणि जागा भरली असेल, मशीन जुनं झालं असेल, अपडेट चालू असेल तरीही होतं. माझा कॉम्प्युटर महिनाभर रडत होता. मी मनात हॅकर शोधत होतो. उघडला तर आत पंख्यावर बोटभर धूळ!

काही गोष्टी तर खोडाला माणसाचे कपडे घालून उभ्या केलेल्या असतात. चार सांगतो.

एक. कॉम्प्युटरवर काहीतरी पाहताना अचानक लाल पडदा येतो, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. हे नुसतं एक वेबपान असतं. मायक्रोसॉफ्ट आपल्या सूचनांमध्ये फोन नंबर देत नाही. तिथं फोन केलात की पलीकडचा गोड माणूस तुम्हाला एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग मात्र खरंच तुमच्या घरात येतो. या अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. तर फोन करायचा नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, नाही जमलं तर सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद करा.

दोन. ईमेल येतो की तुझा कॅमेरा आमच्या ताब्यात आहे, हा बघ तुझा पासवर्ड, पैसे दे. आणि तो पासवर्ड खरंच आपला असतो! माणूस गळपटतो. पण बहुतेक वेळा तो जुना असतो, कुठल्यातरी संकेतस्थळावरून फुटलेला. लिंक्डइनमधून २०१२ साली पासवर्ड चोरीला गेले आणि २०१६ मध्ये त्यातली ११ कोटींहून जास्त खाती बाजारात विकायला आली. तेव्हा पैसे द्यायचे नाहीत. तो पासवर्ड अजून कुठं वापरात असेल तर तो मात्र त्याच दिवशी बदलायचा.

तीन. 'सर, माझं फेसबुक हॅक झालं, सगळे माझ्या नावानं पैसे मागताहेत.' पुष्कळदा खातं हॅक झालेलंच नसतं. कोणीतरी आपला फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं उघडलेलं असतं. अशा वेळी आपला पासवर्ड बदलून काही होत नाही. त्या खोट्या खात्याची तक्रार फेसबुकवर करायची, चार मित्रांना करायला लावायची, आणि सगळ्यांना सांगायचं.

चार. न मागता ओटीपी येतो. याचा अर्थ कुणीतरी दाराची कडी वाजवली. दार उघडलेलं नाही. आपण तो कोड कुणाला दिला नाही तर उघडणारही नाही. तरीपण त्या खात्याचा पासवर्ड बदललेला बरा.

आता विशेष धर्म, म्हणजे ज्यावरून माणूसच उभा आहे हे कळतं. आपण न पाठवलेले मेल 'सेंट' मध्ये दिसतात. बरोबर पासवर्ड टाकूनही खातं उघडत नाही. आपण न केलेल्या लॉगिनची किंवा पासवर्ड बदलल्याची सूचना येते. व्हॉट्सअ‍ॅप अचानक बाहेर फेकतं आणि म्हणतं की हा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू आहे. न केलेल्या व्यवहाराचा बँकेचा मेसेज येतो. मोबाइलचं नेटवर्क तासन्‌तास जातं आणि त्याच कंपनीचं शेजाऱ्याचं मात्र चालू असतं. हे शेवटचं लक्षात ठेवा. कुणीतरी आपल्या नावाचं नवं सिम काढलेलं असू शकतं, आणि मग आपले ओटीपी त्याच्याकडे जातात.

आणि जवळ जाऊन पाहायचं म्हणजे कुठं पाहायचं? व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथं अनोळखी ब्राउझर किंवा कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉगआउट करा. गूगल खात्यात 'सिक्युरिटी' मध्ये 'युअर डिव्हाइसेस' आहे, तिथं खातं कुठकुठल्या यंत्रावर उघडं आहे ते दिसतं. एक सांगून ठेवतो, तिथं गावाचं नाव चुकीचं दाखवू शकतं. अंबडला बसून उघडलं तरी मुंबई दिसेल. म्हणून गावापेक्षा यंत्र कुठलं आणि वेळ कुठली ते पाहा. रात्री तीन वाजता, आपल्याकडे नसलेल्या कंपनीच्या फोनवरून? मग संशय संपला, निर्णय झाला.

निर्णय झाल्यावर

पहिली गोष्ट. ज्या वाटेनं भीती आली त्या वाटेनं उत्तर द्यायचं नाही. मेसेजमधल्या लिंकवर जाऊन पासवर्ड बदलायचा नाही, मेसेजमधल्या नंबरवर बँकेला फोन करायचा नाही. गूगलवर शोधलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवरही नाही, त्यातले कितीतरी खोटे असतात. बँकेचा नंबर आपल्या कार्डाच्या मागे छापलेला असतो. एका प्रमाणावर शंका आली की दुसऱ्या, स्वतंत्र प्रमाणाकडे जायचं. माझ्या त्या विद्यार्थ्यानं मला एक साधा फोन केला असता तर चोराचा डाव तिथंच संपला असता. तसाच मीही माझ्या सहकाऱ्याला एक फोन करू शकलो असतो. म्हणजे चुकीची सुरुवात गुरूपासूनच झाली.

दुसरी. पैसे गेले असतील किंवा जात असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बँक आणि १९३०. हा केंद्र सरकारचा हेल्पलाइन नंबर आहे. तक्रार आली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवून रक्कम रोखण्याचा प्रयत्न होतो. चोर ती रक्कम भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे ढकलत असतो, म्हणून इथं मिनिटांचा हिशेब आहे. मी रात्री साडेआठला फोन केला. तोवर ते आठ हजार कधीच पुढे गेले होते. जाता जाता तरुण मुलांना सांगतो, कुणी दोन-तीन हजार देऊन तुमचं बँक खातं वापरायला मागितलं तर देऊ नका. पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

तिसरी. संशयित यंत्राचं इंटरनेट तोडा. कॉम्प्युटरची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. मात्र काही पुसू नका. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे फोटो घ्या, हवं तर दुसऱ्या फोननं. रागाच्या भरात माणूस आधी तो मेसेज डिलीट करतो, आणि पोलिसांना दाखवायला काहीच उरत नाही.

चौथी. दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून पासवर्ड बदला. मुलीचा फोन घ्या, भावाचा घ्या. ज्या कॉम्प्युटरमध्ये चोर बसलाय त्यावरच नवा पासवर्ड टाइप केला तर तो नवासुद्धा त्यालाच कळतो. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी ईमेल. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो' चे मेल तिथंच येतात. ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. पासवर्ड बदलल्यावर सगळ्या यंत्रांवरून खातं बाहेर काढा, नाहीतर आधीच आत बसलेला तसाच बसून राहू शकतो. मग पाहा की खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि दुसरा ईमेल आपलाच आहे ना. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' तपासा. हे बहुतेक लोक विसरतात. चोर एक नियम लावून ठेवतो की बँकेचे मेल आले की ते थेट कचऱ्यात जावेत किंवा त्याच्याकडे जावेत. आपण पासवर्ड बदलून निश्चिंत होतो आणि मागच्या दारानं टपाल जातच राहतं.

व्हॉट्सअ‍ॅप गेलं असेल तर उपाय सोपा आहे. अ‍ॅप उघडायचं, आपलाच नंबर टाकायचा, एसएमएसनं येणारा सहा आकडी कोड टाकायचा. चोर बाहेर पडतो. त्यानं मध्येच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस थांबावं लागू शकतं. पण तोही त्या सात दिवसांत आत नसतो.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. बोला. ताबडतोब, मोठ्यानं, सगळ्यांना. फोन करून, शेजारच्याच्या फोनवरून ग्रुपवर, सोसायटीच्या फळ्यावर, जसं जमेल तसं सांगा की माझं खातं चोरीला गेलंय, माझ्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा शब्द चोरीला गेलाय, तो तुम्हालाच जाहीरपणे रद्द करावा लागतो. चेकबुक हरवलं तर आपण बँकेत धावत जातो ना? तेव्हा लाज वाटत नाही. मग इथंच का वाटावी?

सहावी, यंत्र साफ करणं. मोबाइलवर बाहेरून आलेलं, एपीके म्हणून शेवट असलेलं काही टाकलं गेलं असेल तर ते काढा. ज्या अ‍ॅपला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' ची किंवा एसएमएस वाचायची परवानगी विनाकारण दिलेली दिसेल तिची चौकशी करा. शंका उरली तर फोटो वगैरे वेगळे काढून फोन 'फॅक्टरी रिसेट' करा. कॉम्प्युटरवर विंडोजच्या सिक्युरिटीमध्येच 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. तरी खात्री नसेल तर जाणकाराकडून विंडोज नव्यानं टाकून घ्या. मोठी रक्कम गेली असेल तर मात्र पुसण्याआधी पोलिसांना विचारा, कारण तो पुरावा आहे.

या एपीकेला हलक्यात घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं आमंत्रण आलं. सोबत पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. उघडली, आणि जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका म्हणजे एक अ‍ॅप होतं. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ असते. ती कधी 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. पीएम किसानची यादी, वाहनाच्या दंडाचं चलान, बँकेचं केवायसी, या नावांनीही अशाच फायली फिरतात.

चूक माझीच असेल तर?

हा प्रश्न माणसाला गप्प बसवतो. 'मीच ओटीपी दिला, आता कुठल्या तोंडानं तक्रार करू?' म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही काढलं. त्याचा सारांश असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, पण बँकेची सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. आणि पासवर्ड वा ओटीपी ग्राहकानंच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे तुमची चूक असली तरी कळवण्याला किंमत आहेच. आपल्याकडे पुष्कळांचे पैसे पतसंस्थेत असतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्यांना हे परिपत्रक लागू नाही, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट पुण्याची. तिथल्या एका उद्योजकानं खोट्या ईमेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या त्यांच्या कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे अशा भरपाईचे दावे चालतात. ५ कोटींपर्यंतचे चालतात. २०१३ साली सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. ग्राहक फसला ही त्याची चूक धरली, पण चोरांची खाती नीट न तपासता उघडली गेली ही बँकेची चूकही धरली. एकाची चूक झाली म्हणून दुसऱ्याची पुसली जात नाही, हा न्याय मला फार आवडतो. तो उद्योजक लाजून घरी बसला असता तर हा निकालच लागला नसता.

तक्रार १९३० वर करता येते, सायबर क्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते, आपल्या पोलीस ठाण्यात करता येते. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड वापरून फसवणं हा कलम ६६ सी आणि ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलंय, "मुलगा पुण्याला असतो, माझे सगळे पासवर्ड त्यालाच माहीत आहेत. हे चालेल का?" ताई, मुलाला माहीत असायला हरकत नाही. अडचण एवढीच की फोन बंद पडला आणि मुलगा मीटिंगमध्ये असला तर तुम्ही काय करणार? एक वही करा, त्यात लिहा, कपाटात दागिन्यांजवळ ठेवा. हॅकर तुमच्या कपाटात येत नाही. मात्र सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका. ईमेलचा आणि बँकेचा तरी वेगळा हवा.

दुसरा प्रश्न एका शेतकरी बांधवांचा. "सेवा केंद्रात काम करायला गेलो की ओटीपी द्यावाच लागतो. तुम्ही म्हणता देऊ नका. मग काम कसं व्हायचं?" रास्त प्रश्न आहे. दिल्याशिवाय तिथं भागत नाही. तेव्हा तीन गोष्टी करा. मोबाइल त्याच्या हातात देऊ नका, आकडे स्वतः वाचून सांगा. त्याआधी एसएमएसमध्ये तो कोड कशासाठी आहे ते वाचा. तुमचं काम पीक विम्याचं आणि मेसेज बँकेचा असेल तर तिथंच थांबा. आणि घरी आल्यावर फोन करून कुणी कोड मागितला तर तो देऊ नका, मग मागणारा त्याच केंद्राचं नाव सांगो.

शेवटी एवढंच. आज घरी गेल्यावर तीन कामं करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. तिथंच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चा पिन लावा, म्हणजे कोड चोराच्या हाती गेला तरी पिनशिवाय त्याचं काम अडतं. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं.

त्या विद्यार्थ्याचे आठ हजार मी परत दिले. तो घेत नव्हता. म्हणाला, "सर, तुमच्यासाठीच पाठवले होते, गेले असं समजा." मी त्याला म्हटलं, पैसे तू माझ्या शब्दावर दिलेस, आणि तो शब्द सांभाळणं माझं काम होतं. तेव्हा कुठं घेतले. त्या दिवसापासून आमच्यात एक ठरलंय. मेसेजवर कितीही मोठं संकट आलं तरी आधी फोन करायचा आणि आवाज ऐकायचा. परवा त्यानं फोन केला होता. म्हणाला, काही काम नाही सर, तुम्हीच आहात ना ते बघत होतो.